गोधडीची माया



माझी लेक यंदा पाचवीत गेली. डिसेंबरात एका रात्री बघितलं, तर तिचे पाय गोधडीबाहेर! ही गोधडी माझ्या आईने तिच्या बारशाला शिवलेली. आता आई नाही. मी म्हटलं, "नवीन ब्लँकेट घेऊ." लेक म्हणाली, "नको, आजीचीच वाढव."

गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर आणि त्यावर हाताने घातलेला धावदोरा. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा सामानात गोधडी असतेच.

आईचा एकही टाका उसवायचा नाही, दोन्ही टोकांना पट्ट्या जोडायच्या, असं ठरवलं. गोधडीची लांबी ४८ इंच, हवी होती ६४. म्हणजे १६ इंच कमी, प्रत्येक टोकाला ८. आईच्याच साडीच्या २ इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या. चार पट्ट्या, चार दुणे आठ. शिक्षिकाच मी, गणित कशाला चुकेल?

चुकलं! वरची-खालची बाजू जोडून, मध्ये जुनं धोतर भरून मोजलं, तर लांबी जेमतेम ६० इंच. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, माया कुठे सोडलीस?"

शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. प्रत्येक पट्टीची दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच माया शिवणीत गेली. २ इंचांची पट्टी दिसायला दीडच इंच उरली. ४ × १.५ = ६. एका टोकाला २ इंच कमी, दोन टोकांना ४. मग प्रत्येक टोकाला अडीच इंचाची आणखी एक पट्टी जोडली, तेव्हा माप जमलं.

दुसऱ्या दिवशी हेच उदाहरण वर्गात फळ्यावर लिहिलं. बहुतेकांनी माझ्यासारखंच चार दुणे आठ केलं. एक मुलगी मात्र उभी राहिली, "मॅडम, शिलाईत जाईल ना थोडं?" तिची आजी गोधड्या शिवते. पुस्तकात नसलेलं गणित तिला घरीच मिळालं होतं.

तुम्हीही वर्गात जुन्या कापडाच्या पट्ट्या घेऊन हा उपक्रम करून बघा. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग मोजू द्या. चुकली तर चुकू द्या.

लेकीचे पाय आता झाकतात. जी माया शिवणीत जाते ती वरून दिसत नाही, पण गोधडी तिच्यामुळेच धरून राहते.