उसनी घोडी

भीमेच्या काठी असलेल्या आमच्या घरी माझ्या लहानपणी एक घोडी होती. अंगाने तांबूस, उंचीने बेताची, आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावरून तिचे नाव चांदणी पडले. भीमथडीच्या तट्टांचे नाव मराठ्यांच्या घोडदळाशी जोडलेले आहे, आणि त्या लौकिकाचा काही अंश आपल्या गोठ्यात बांधलेला आहे, अशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, श्रद्धा होती. आठवड्याच्या बाजाराला ते तिच्यावरून जात. एरवी ती घराची प्रतिष्ठा म्हणून उभी असे.

खेड्यात उसनवार ही व्यवहाराइतकीच नात्याची गोष्ट असते. विरजणापासून बैलजोडीपर्यंत सारे काही या घरातून त्या घरात जाते आणि परत येते. पाभरीचा फण मोडला तर लोहार तो सांधून देतो, घागरीला पोचा पडला तर तांबट तो काढतो. घोडीचे तसे नव्हते. लग्नसराई आली की पंचक्रोशीतून माणसे येत आणि नवरदेवासाठी चांदणीला मागत. अण्णांनी कुणाला नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. भाडे घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. उलट, एका दिवसाची चंदी पिशवीत बांधून ते घोडीबरोबर देत.

देताना ते बजावून सांगत. घामाने निथळत असताना पोटभर पाणी दाखवू नका, मुक्कामाला पोचताच तंग सैल करा, खुरात खडा रुतला आहे का ते पाहा. समोरचा माणूस मान डोलवी. परंतु मागणारा एक असतो आणि हाताळणारे दहा. वऱ्हाडातली मुले तिच्यावर आळीपाळीने बसत. कुणी जोर दाखवायला लगाम ओढी, कुणी टाचा मारी. ती परत येई तेव्हा कधी पाठीला खोगिराचा घट्टा पडलेला असे, कधी एक नाल निघालेला असे, आणि चंदीची पिशवी कुठल्या तरी बैलापुढे रिकामी झालेली असे. हे सारे डोळ्यांना दिसणारे. न दिसणारे नुकसान अण्णांना दोन दिवसांनी कळे. ज्या वळणावर नुसते बोट हलवले की ती वळत असे, तिथे आता हात आखडावा लागे. ‘तोंड निबर केलं माझ्या घोडीचं,’ असे ते पुटपुटत. घोडा प्रत्येक हाताकडून काही शिकतो, आणि परक्या हाताने शिकवलेले घेऊनच तो घरी परततो. ते धुऊन टाकता येत नाही.

1975 च्या वैशाखात शेजारच्या गावाहून एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नासाठी घोडी मागायला आले. चहा झाला. निघताना त्यांनी सहज विचारले, ‘‘अण्णा, गरीब आहे ना घोडी?’’ अण्णा म्हणाले, ‘‘लेकरानं धरली तरी चालते.’’

हे खोटे नव्हते. मीच ते लेकरू होतो, दहा वर्षांचा. नदीवर पाण्याला मी तिला एकटा नेत असे. परंतु मागच्या दिवाळीत कुणी तरी गोठ्याजवळ फटाका उडवला तेव्हा दावे तोडून ती नदीपर्यंत धावली होती आणि अंधारात कंदील घेऊन आम्ही तिला शोधली होती, हे मला ठाऊक होते आणि अण्णांनाही ठाऊक होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वडीलमाणसांच्या बोलण्यात मुलांनी बोलायचे नसते, या शिस्तीचा आडोसा मला तेव्हा फार सोयीचा वाटला.

मारुतीच्या देवळापुढे नवरदेव उतरणार, तोच कुणी तरी फटाक्यांची माळ लावली. चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव कसाबसा बाजूला घसरला. लगाम धरलेला त्याचा चुलतभाऊ मात्र फरफटत गेला आणि त्याचे मनगट मोडले. घोडी दगडगोट्यांतून उधळत सुटली आणि ओढ्याच्या कडेवरून खाली गेली. रात्री त्यांनी तिला आणली तेव्हा तिचा पुढचा उजवा पाय जमिनीला टेकत नव्हता.

ते गृहस्थ अंगणात उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. ‘‘आमच्या हातून तुमची घोडी गेली,’’ ते म्हणाले. औषधपाण्यासाठी त्यांनी पैसे पुढे केले. अण्णांनी ते घेतले नाहीत. गावात पुढे कितीतरी दिवस अण्णांच्या मोठ्या मनाची वाखाणणी होत होती. पैसे त्यांनी घेतले नाहीत हे खरेच. परंतु माफी घेतली. तीही आपली नाही, हे त्या अंगणात फक्त दोघांना माहीत होते.

पुढे मी पुण्याला कायदा शिकायला गेलो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणाच्या दाखल्यांत घोडे वारंवार येतात. एक जण दुसऱ्याला केवळ त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठी घोडा देतो, तो घरातल्या तिसऱ्याला बसू देतो, आणि तिसऱ्याने जपून हाकूनही घोडा पडून जखमी होतो: घेणाऱ्याने भरपाई द्यावी. कलकत्त्यात एक जण बनारसला जाण्याच्या बोलीवर घोडा भाड्याने घेतो आणि कटकच्या वाटेला लागतो. घोडा अपघाताने पडतो: घेणाऱ्याने भरपाई द्यावी. हे वाचताना मला वऱ्हाडातली मुले आठवत आणि हसू येई.

मग कलम 150 आले. घोडा खोडीचा आहे हे ठाऊक असून एक जण ते न सांगता तो दुसऱ्याला वापरायला देतो. घोडा उधळतो, बसणारा पडून जखमी होतो: देणाऱ्याने भरपाई द्यावी. याच कलमात आणखी एक बारकावा आहे. भाडे घेऊन वस्तू दिली असेल, तर तिचा दोष देणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार. फुकट दिली असेल, तर ठाऊक असलेल्या दोषापुरताच जबाबदार. म्हणजे उदारपणे देणाऱ्याला कायदा पुष्कळ सूट देतो. मागतो ते फक्त एवढेच की, जे माहीत आहे ते सांग. मी पुस्तक मिटले. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी आमच्या अंगणातली गोष्ट लिहून ठेवली होती. माझे हे शहाणपण मात्र वरातीमागून आलेले घोडे होते.

त्या दाखल्यांतली एक गोष्ट मला अजून टोचते. घोडा पडतो, भरपाई एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि वाक्य संपते. घोड्याचे पुढे काय झाले ते कुठेच येत नाही. आमच्या घोडीचे काय झाले ते मी सांगू शकतो. ती कायमची लंगडी झाली. तिला मागायला पुन्हा कुणी आले नाही. दर दिवाळीला, गावातले फटाके थांबेपर्यंत, अण्णा गोठ्यात तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहत.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी त्यांना ते कलम वाचून दाखवले. तरुण वयात न्यायाची हौस असते, दयेची नसते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘सांगितलं असतं तर नेली नसती त्यांनी.’’ तिच्या भीतीला त्यांनी खोड मानले होते, आणि ती खोड घराण्याच्या नावाला लागेल म्हणून झाकली होती. घोडी देताना त्यांनी सारे काही दिले. फक्त तिच्याविषयीचे आपले ज्ञान मागे ठेवून घेतले. जनावर उसने देताना खरे तर तेच आधी द्यायचे असते. पाहणाऱ्याला ते तिच्या अंगावर कुठेही दिसत नाही.

अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी तालुक्याच्या कचेरीत तो मनगट मोडलेला माणूस मला भेटला. हात थोडा वाकडाच जुळला होता. ‘‘वकीलसाहेब, तुमची घोडी आमच्यापायी गेली,’’ तो जुन्या अदबीने म्हणाला. तेव्हा मी त्याला दिवाळीची गोष्ट सांगितली. तुटलेल्या दाव्याची, कंदिलाची, आणि माझ्या गप्प बसण्याची. तो रागावेल, अशी माझी अपेक्षा होती. कदाचित मला ते हवेही होते.

त्याने वाकड्या मनगटावरून दुसरा हात फिरवला.

‘‘तेव्हा सांगितलं असतं,’’ तो म्हणाला, ‘‘तर माळ लावू दिली नसती. बाकी काय, घोडी तर न्यायचीच होती.’’