मुंजाची साक्ष

हाताला कंप सुटल्यापासून मी कथा तोंडी सांगतो आणि कल्याण पूर्वेहून येणारी एक मुलगी ती टाइप करते. माझा निलंबित हवालदार आणि त्याच्या पासच्या कव्हरात, पिंपळपानावर बसून लोकलने फिरणारा मुंजा ही जोडी सोळा वर्षं दिवाळी अंकांत खपत आली आहे. यंदा जूनमध्ये सातव्या पानावर मुलीचा अंगठा थांबला.

"काका, मुंजा बंद दारातून आत जातो ना? मग हवालदार कुलूप कशाला तोडतोय? मुंजालाच विचारा की, खून कोणी केला."

मी चहा मागवला. म्हणजे उत्तर नव्हतं.

रोनाल्ड नॉक्सने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यांत भुताखेतांना साफ मज्जाव केला. गृहस्थ पेशाने पाद्री! आत्म्यावर ज्याचं पोट, त्यानेच ही बंदी घालावी याचं मला हसू यायचं. आता येत नाही. साक्षीदार भिंतीतून आरपार जाणारा असेल, तर सिगारेटचं थोटूक, ओला छत्रीदांडा, अर्धं तिकीट यांना विचारतो कोण?

मी आजवर हद्दीवर निभावलं होतं. मुंजा पिंपळाचा, गिऱ्हा पाण्याचा, देवचार शिवेचा. रुळालगतचं प्रेत लोहमार्ग पोलिसांचं की शहर पोलिसांचं, यावर पंचनामा अडावा, तसा माझा मुंजा ऐन वेळी "ती खोली वडाकडे येते" म्हणून उंबऱ्याबाहेर थांबायचा. वाचक हसायचे. हसणारा वाचक हिशेब मागत नाही, हे माझं सगळं भांडवल.

थोरांनी काय केलं, तेही चाळून पाहिलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांना असल्या शंकांना वेळ कुठला! नारायण धारपांचा समर्थ आला की मला हायसं वाटतं, आणि नेमकी तीच माझी तक्रार आहे. इतका सिद्ध पुरुष दारात उभा राहिला की भुताचीच कीव येते. 'झपाटलेला'त (1993) ही अडचणच नाही. तात्या विंचू बाहुल्यात शिरताना आपण डोळ्यांनी बघतो, शोधायचं काही उरत नाही, फक्त पळायचं. हल्लीच्या कानात ऐकायच्या भयकथांत तर श्रोत्याआधी पार्श्वसंगीतच घाबरतं. (त्यातलं एक करकरणारं दार मी दोन वर्षांपूर्वी उचललं आहे. तेल घालून वापरलं, म्हणून कुणाला ओळखू आलं नाही.)

तीन आठवड्यांनी, विठ्ठलवाडीच्या पुलावर अंबरनाथ लोकलची वाट बघताना, मुलगी सहज बोलून गेली, "तो आठ वर्षांचा आहे ना? त्याला दिसत असेल सगळं. पण कळतं कुठे?"

सोळा वर्षं मी त्या पोराला चिंचा-बोरं मागायला लावत होतो. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला, एवढं मलाही ठाऊक होतं. पण ते पोर आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सातवं पान पुसायला लावलं. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने वालधुनी रंगायची, त्या दिवसांत गोष्ट नेली. मुंजा नदीवरून परत येतो आणि हवालदाराला सांगतो, "एक काका निळ्या पाण्यात पालथे झोपलेत. त्यांचा सदरा रंगेल ना?" टाइप करताना मुलगी खुदकन हसली. मग मोबाइल मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

संपादकांना फोनवर ही कल्पना ऐकवली. "कसं सुचतं हो तुम्हाला!" म्हणाले. मुलगी समोरच बसली होती. मी म्हणालो, "सवय."

पुढची ओळ मात्र हवालदाराची आहे, आणि ती अडली आहे. मुंजा काहीही बोलला की त्याने टपली मारल्यासारखा विनोद करायचा, हा शिरस्ता. आता जो विनोद घालावा तो त्या पोराच्या थोबाडीत मारल्यासारखा वाटतो. आणि गंभीर केला तर हवालदार सरळ समर्थांच्या पंगतीला जाऊन बसतो. अकरा ओळी सांगितल्या, अकराही खोडायला लावल्या. अंकाची मुदत टळून गेली.

काल तिने मला न विचारता एक ओळ टाइप केली आणि मी चष्मा चढवेपर्यंत पुसून टाकली. काय होती, ते मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती चांगली निघाली असती.