गावाहून आल्यावरचं टेबल

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी बघते. गणपतीला कोकणात जायचं म्हणजे तारखांशी भांडण ठरलेलं. 2024 साली गणेश चतुर्थी आली 7 सप्टेंबरला, आणि टीडीएस भरायची मुदतही तीच. 11 तारखेला घरी गौरीपूजन, इकडे जीएसटीआर-1ची शेवटची तारीख. टीडीएसचं चलन मी निघण्याआधीच भरलं होतं. त्यात एक दिवस उशीर झाला तरी दरमहा दीड टक्क्याने दोन महिन्यांचं व्याज बसतं. जीएसटीआर-1 हाताखालच्या मुलीने वेळेत भरला. बाकीचं सगळं माझ्यासाठी राखून ठेवलेलं.

गौरी-गणपती बोळवून कामावर आले, तर टेबलावर खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, पेटी कॅशची व्हाउचरं, सगळं एकावर एक. मालकांनी दारातूनच विचारलं, "आलात का ताई? बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय." स्टोअरवाल्यांना त्यांची बिलं पास करून हवी होती. अशा वेळी ज्याला त्याला आपलंच काम तातडीचं वाटतं.

मी आधी बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि टॅलीत एकेक एन्ट्री जुळवायला घेतली. आपल्या मागे काय काय झालं, ते त्यात तारीखवार सापडतं. एका जमेपुढे पार्टीचं नाव नव्हतं, नुसता यूटीआर नंबर. रक्कम 47,200. त्यातून 18 टक्के जीएसटी काढून पाहिला, तर मूळ रक्कम बरोबर 40,000. येणे बाकीच्या यादीत तेवढ्याच रकमेचं स्पेअर पार्टचं एक बिल जुलैपासून पडून होतं. पार्टीला विचारून खात्री केली आणि सस्पेन्सला जाणारी एन्ट्री जागेवर बसली. मालक त्याच पार्टीला तगादा लावायच्या बेतात होते, तेही टळलं. येणं-देणं असं जुळल्यावर स्टॉक स्टेटमेंटला वेळ लागला नाही.

मग बिलं. 14 तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-2बी आला, तो समोर ठेवून बिलांचे तीन गठ्ठे केले: टू-बीत दिसणारी, न दिसणारी आणि जीएसटी नंबर चुकलेली. पहिला गठ्ठा मुलीकडे एन्ट्रीला दिला. उरलेल्या दोन्हींसाठी मी सप्लायरना फोन लावत बसले, कारण त्यांनी आपलं बिल रिटर्नमध्ये नीट दाखवल्याशिवाय आपल्याला क्रेडिट मिळत नाही. 20 तारखेला थ्री-बी भरायचा होता. तो चुकला की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज वेगळं. मेल मी सगळ्यांत शेवटी वाचले. तोवर त्यातले बरेचसे प्रश्न परस्पर मिटले होते.

तेव्हापासून सुट्टीवर जाताना मी मुलीला एक कागद लिहून देते: कोणत्या तारखेला कोणतं काम, आणि त्याचे कागद कोणत्या फायलीत. आल्यावरचा पहिला दिवस बँक जुळवायला ठेवते, त्या दिवशी दुसरं काही अंगावर घेत नाही.

हिशेबाच्या कामात असाल, तर सुट्टी बेलाशक घ्या. परत आल्यावर मात्र ढिगातला वरचा कागद उचलून कामाला लागू नका. आधी बँक जुळवा, मग मुदतीच्या तारखा पाहून कागद लावा. कोणी कितीही घाई केली, तरी हा क्रम मोडू नका.