पाण्याला बसायला जागा

मुंबईतल्या ठिकाणांच्या नावांची मला नेहमी गंमत वाटते. धोबी तलावावर तलाव नाही, गोवालिया टँकवर टाके नाही. माणसांनी पाणी बुजवून त्यावर घरे बांधली. नावे मात्र खोडायची राहून गेली. पाऊस ही जुनी नावे वाचत असावा. दरवर्षी तो आपली जागा शोधीत येतो.

ही कल्पना मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडली, तेव्हा सगळे हसले. विषय होता अंगणाचा. माहीमला आमची तीन मजली इमारत. पुढे मातीचे अंगण आणि त्यात एक जांभूळ. जांभळांनी गाड्यांना डाग पडतात, चिखल होतो, तेव्हा साऱ्या अंगणाला सिमेंटची लादी बसवावी, असे चिटणिसांचे म्हणणे. बोलणे बिनतोड होते. फक्त तळमजल्यावर एक आजी राहतात आणि २००५ च्या २६ जुलैला पाणी त्यांच्या पलंगापर्यंत चढले होते, एवढेच.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यापुढे आमच्या जांभळाची काय मातब्बरी! पण एरवीच्या पावसाचा हिशेब निराळा. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेली, आणि तीही ओहोटी असेल तर. भरतीला समुद्र गटारांच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, आणि पाणी गाडी चुकलेल्या गर्दीसारखे रस्त्यातच तुंबते. अशा वेळी त्याला दोन-चार तास कुठे तरी बसायला जागा हवी असते.

ती पूर्वी पुष्कळ होती. मिठी नदी विहार-पवईचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीत उतरते. तिच्या काठाला तिवरांची राने होती. तिवरांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांत शिरलेले पाणी दमाने चालते, गाळ खाली ठेवते. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच खाजणावर उभे राहिले. तिवरांची तोड थांबवण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने दिला तो २००५ साली. तोवर बरेच होऊन गेले होते. आमच्याकडे मासळी आणणारी मावशी सगळे एका दमात सांगते, "तिवरं गेली, चिंबोऱ्या गेल्या, नि पानी तुमच्या घरात आलं."

मी म्हटले, "साहेब, गाड्यांपुरती लादी घाला. जांभळाभोवतीची माती राहू द्या. तिथे खोलगट आळे करू, गच्चीचे पाणी त्यात सोडू, अळू नि कर्दळ लावू."

"डास होतील," ते म्हणाले.

शंका रास्त होती. पण डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी साचलेले पाणी लागते. आमच्या रेताड जमिनीत ते त्याच्या आधीच मुरते. हे सांगूनही मते पडली सात विरुद्ध सात.

आजी सभेला नव्हत्या. सभा गच्चीवर, आणि त्यांना जिना चढवत नाही. कागद खाली नेला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "अळूची पहिली पाने मला हवीत हं."

चिटणिसांनी लादीवाल्याला निम्मीच लादी सांगितली.