आमच्या वाट्याचे दोन दिवस

परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, विहिरीतला तुमचा चार आणे हिस्सा लिहून देता का? तुम्ही तर कुणी इकडं नसता." आकडाही बरा सांगितला.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, येरळेच्या बाजूला. ही नदी साताऱ्यातल्या खटावात उगम पावते. आमच्याकडे पोचेपर्यंत वर्षातले कित्येक महिने तिच्यात नुसती वाळूच. विहीर एक, आजोबा धरून भाऊ चार. आठ दिवसांची पाळी, प्रत्येकाला दोन दिवस. एकदा धाकट्या आजोबांनी आमच्या पाळीत रात्री मोटर चालू केली, तर दोघं भाऊ कित्येक दिवाळ्या बोलले नव्हते!

नवऱ्यानं टाकलेली आत्या माहेरी आली, तेव्हा आजीनं तिला अर्धा एकर आणि आमच्या दोनातला एक दिवस दिला. तोंडीच. कागदावर आत्यानं आधीच हक्कसोड केलेलं. आजही तिची ज्वारी-भाजी त्या एका दिवसावर आहे.

शेजारीच बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात वाळूविक्रीतून पैसा उभा करून बळीराजा धरण बांधलं. तिथं ठरलं होतं, पाण्याचा समान वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा. आणि त्यावर ऊस नाही. लहानपणी मला प्रश्न पडायचा, जमीनच नाही त्याला पाणी कशाला? आता कळतं. पाणी असलं की दुसऱ्याचं रान वाट्यानं करता येतं, चार शब्द बोलता येतात.

तिकडे मोठ्या वाटण्या कागदावर असतात. कृष्णा लवादानं १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं. २००५ च्या कायद्यानं तर प्रकल्पाच्या पाण्यातला हक्क ठरवून तो हस्तांतरित करायची वाटही काढली. आमच्या विहिरीला तो कायदा नाही, पण हिशेब तोच... ज्याचं नाव, त्याचं पाणी. आजीचा शब्द कुठल्या रकान्यात लिहायचा?

भाऊ वाईट नाही. त्याचा ऊस उभा आहे, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. पण मी सही केली की आत्याचा दिवस त्याच्या उसात जिरणार.

आत्याला विचारलं तर म्हणाली, "कागद कशाला रं? तुझ्या आजीनं शब्द दिलाय की."

शब्द देणारी आजी गेली. उद्या मीही नसेन. म्हणून या दिवाळीत गावी जाऊन आधी आत्याच्या नावानं कागद करणार आहे. भावाशी उरलेल्या एका दिवसाचं बोलेन. रागावेल बहुतेक... रागावू दे.