तीन 'ज'कारांचे गाव

एडिंबरोहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी सव्वा तासाने टे नदीच्या मुखावरील लांबलचक पुलावर येते. खाली पाहिले म्हणजे पुलाला समांतर असे दगडी खुंट पाण्यातून डोके वर काढून ओळीने उभे असलेले दिसतात. ते पहिल्या पुलाचे अवशेष. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो पूल धावत्या गाडीसकट नदीत कोसळला. सध्याचा पूल १८८७ चा. हे आधी वाचून गेलेला प्रवासी पलीकडचा काठ येईपर्यंत फारसे बोलत नाही. आम्हीही बोललो नाही. पलीकडे उतारावर वसलेले जे गाव, तेच डंडी.

या गावाची ओळख तीन शब्दांत सांगण्याची तिकडे रीत आहे : जूट, जॅम आणि जर्नॅलिझम. आपल्या लिपीतही तिन्ही 'ज'वरच येतात, हा एक गमतीचा योगायोग. पैकी जूट म्हणजे ताग आपल्या बंगालचा. डंडीची जहाजे देवमाशांच्या शिकारीला जात. त्या माशाच्या तेलाने तागाचा चरबट धागा मऊ होतो, हे कळल्यावर येथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली. पुढे हुगळीकाठच्या गिरण्यांनी या गावाचा धंदा हिरावला. व्हर्डंट वर्क्स या जुन्या गिरणीत आता तागाचे संग्रहालय आहे. जॅमविषयी काय सांगावे? किलर घराण्याचा संत्र्यांचा मार्मालेड जगभर गेला, एवढे पुरे. आमचे लक्ष तिसऱ्या 'ज'कडे होते.

पुतण्या तेथे शिकतो, म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हां उभयतांचे जाणे घडले. त्याच्याच विद्यापीठात २०११ मध्ये चित्रकथांच्या अभ्यासाचा पदव्युत्तर वर्ग सुरू झाला, असे त्याने सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे अशा काही दृष्टीने पाहिले, की मराठीची एम. ए. पदवी त्या मानाने फारच भारदस्त वाटू लागली.

गावाच्या मध्यावर मेडोसाइड नावाचा भाग आहे. तेथे तांबड्या दगडाची, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली एक उंच इमारत उभी आहे. ती डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेची. शेजारीच हाउफ नावाचे शेकडो वर्षांपूर्वीचे कबरस्तान, झाडांच्या सावलीत झुकलेल्या शिळांचे. एका अंगाला मृतांची निद्रा आणि दुसऱ्या अंगाला देशातील पोरांना दर आठवड्याला हसविण्याचा कारखाना, असा तो शेजार.

या संस्थेने ४ डिसेंबर १९३७ रोजी 'डँडी' आणि ३० जुलै १९३८ रोजी 'बीनो' ही विनोदी चित्रसाप्ताहिके काढली. किंमत दोन पेन्स. 'डँडी'च्या पहिल्या अंकाबरोबर एक शिटी, तर 'बीनो'च्या पहिल्या अंकाबरोबर तोंडाला लावायचा गमतीचा मुखवटा फुकट होता. त्यापूर्वीच्या इंग्रजी चित्रसाप्ताहिकांत चित्रांखाली मजकुराच्या ओळीच्या ओळी असत. या दोघांनी पात्रांच्या तोंडचे फुगे पुढे आणले आणि मुले त्यांवर तुटून पडली. १९५० च्या सुमारास 'बीनो' आठवड्याला जवळजवळ वीस लाख खपत होता. 'डँडी'चा नायक डेस्परेट डॅन या दांडग्या गुराख्याचा पुतळा २००१ पासून गावाच्या भर चौकात उभा आहे. कुत्र्यासह तो ऐटीत चालला आहे आणि मागे मिनी ही द्वाड मुलगी गलोल ताणून उभी आहे. या डॅनचे आवडते अन्न म्हणजे शिंगे बाहेर आलेला अख्ख्या गाईचा पाय! सौभाग्यवतींनी ही माहिती अर्ध्यावरच थांबविली. असो.

लाखोंनी छापलेले ते अंक गेले कोठे? 'डँडी'च्या पहिल्या अंकाच्या ज्ञात प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या आहेत, 'बीनो'च्या त्याहून थोड्या अधिक. याचे पहिले कारण म्हणजे युद्ध. कागदाच्या टंचाईमुळे १९४१ पासून १९४९ पर्यंत दोन्ही साप्ताहिके आलटूनपालटून, एकाआड एक आठवड्याने निघत. 'मॅजिक' नावाचे तिसरे धाकटे भावंड तर ८० अंकांतच, १९४१ च्या जानेवारीत, संपले. त्या काळात घरोघरची रद्दी सरकारी मोहिमेत जमा होई. ज्या अंकांत हिटलर आणि गोअरिंग यांची टर उडविली, तेच अंक त्या हिटलरशी लढण्यासाठी लगद्यात गेले! दुसरे कारण युद्धाहून साधे. मूल मोठे झाले, की आई माळा साफ करते. आपल्याकडे 'चांदोबा'चे अंक किती माळ्यांवरून उतरून रद्दीवाल्याच्या तागडीत गेले, याचा हिशेब इंदूरच्या आमच्या आळीने तरी ठेवलेला नाही.

२००४ मध्ये 'बीनो'चा पहिला अंक लिलावात १२,१०० पौंडांना गेला. त्याच वर्षी 'डँडी'चा पहिला अंक, सोबतच्या त्या फुकटच्या शिटीसह, २०,३५० पौंडांना विकला गेला. वृत्तपत्रे अशा आकड्यांचेच मथळे करतात. आम्हांला मात्र त्या शिटीचे नवल वाटले. शिटी हाती आली असता ती न वाजविता, न हरविता जपून ठेवणारे मूल कसे असेल?

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, जुन्या चहादाण्यांच्या शेजारी, आम्हांस 'बीनो'चे एक जुने वार्षिक पुस्तक तीन पौंडांत मिळाले. ही जाड पुठ्ठ्याची पुस्तके नाताळात मुलांना देण्यासाठी शरद ऋतूतच निघत. पण त्यांवर सालच छापलेले नसे. ते १९६६ च्या पुस्तकापासून छापू लागले. म्हणून संग्राहक मुखपृष्ठावरील चित्रावरून साल ठरवितात. त्यातही घोटाळा असा, की १९५८ चे म्हणावयाचे पुस्तक बाजारात येई १९५७ च्या अखेरीस. आमच्या प्रतीच्या आतल्या पानावर फिकट शाईत 'आजीकडून, नाताळ १९५७' असे इंग्रजीत लिहिले होते. व्यापाऱ्यांच्या लेखी अशा लिहिण्याने पुस्तकाचे मोल घटते. आमच्या मते ते वाढते, कारण छापणाऱ्याने न दिलेली तारीख त्या आजीने दिली.

तारखेहून मोठा प्रश्न नावांचा होता. चित्रकाराने चित्राखाली सही करू नये, असा या संस्थेचा शिरस्ता होता. डेस्परेट डॅन रेखाटणारे डडली वॉटकिन्स यांना १९४६ पासून सहीची मुभा मिळाली. पण अशी मुभा फार थोड्यांना मिळाली. १९६९ मध्ये काम करता करताच, चित्राच्या मेजापाशी त्यांचा अंत झाला. बाकीचे चित्रकार वर्षानुवर्षे लाखो मुलांच्या हाती जात राहिले आणि एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ही नावे परत मिळविण्याचे श्रम बव्हंशी संग्राहकांचे. बोटांची ठेवण, बुटाचे टोक, धावत्या पोराच्या मागे उडणारी धूळ, एवढ्यावरून हात ओळखायचा. जुन्या पोथीचा लेखकू अक्षरवळणावरून ओळखावा, तसेच हे काम आहे. डेनिस गिफर्ड यांनी १९७५ मध्ये १८७४ पासूनच्या शंभर वर्षांतील ब्रिटिश चित्रपत्रांची सूची प्रसिद्ध केली. प्रतिष्ठित ग्रंथालयशास्त्र ज्याला कचरा समजत होते, त्याची ही पहिली शिस्तशीर नोंद. २००० मध्ये ते वारले आणि त्यांचा प्रचंड संग्रह लिलावात विखुरला. सूची मात्र अभ्यासकांच्या हाती राहिली.

लिओ बॅक्सेंडेल यांची कथा आम्हां शिक्षकांस विशेष जवळची. मिनी त्यांचीच. १९५४ मध्ये त्यांनी 'बीनो'त शाळेच्या घंटेबरोबर बाहेर उसळणारी पोरे काढली. तीच पुढे 'बॅश स्ट्रीट किड्स' म्हणून गाजली. या चित्रांत चौकोनी टोपी घातलेले गुरुजी दर आठवड्याला फजित होतात. गावात आजही सांगतात, की थॉमसनच्या खिडकीतून डंडी हायस्कूलचे आवार दिसे, त्यावरून ही कल्पना सुचली. ग्रीक धाटणीच्या खांबांची ती भव्य शाळा आम्ही पाहून आलो. तेथील शिस्त पाहता ही आख्यायिका खरी वाटत नाही. बॅक्सेंडेल स्वतः म्हणत, की आपणास स्फूर्ती मिळाली ती गाइल्स या व्यंगचित्रकाराच्या १९५३ मधील एका चित्रावरून. गावाला आपली गोष्ट प्रिय असणारच, पण ज्याच्या हातून चित्र उतरले त्याचा शब्द आम्ही प्रमाण मानतो. १९६२ मध्ये त्यांनी संस्था सोडली. आपल्या पात्रांच्या हक्कांसाठी ते सात वर्षे न्यायालयात झगडले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. २०१७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्यामागून बॅश स्ट्रीटची पोरे डेव्हिड सदरलंड यांनी २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, रेखाटली. आमच्या शाळेत इतकी वर्षे एकच वर्ग सांभाळण्याची शिक्षा कोणालाही झालेली नाही.

वार्षिक पुस्तक चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. बहुतेक गोष्टींच्या शेवटच्या चौकटीत वडिलांची सपाता किंवा गुरुजींची छडी आहेच. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून छडी गेली १९८७ मध्ये. पुढे ती चित्रांतूनही गेली. जुन्या अंकांवरून तेथील बालपणाचा इतिहास कोणी लिहू म्हणेल, तर या शेवटच्या चौकटीच आधी तपासाव्यात. त्यांत जेवढे सत्य आहे, तेवढे शिक्षणखात्याच्या अहवालांत क्वचितच असते, हे आम्ही खात्याच्या चाकरीत राहूनच सांगतो.

'डँडी' कागदावर निघणे ४ डिसेंबर २०१२ रोजी, बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी, थांबले. 'बीनो' निघतोच आहे. २०१९ मध्ये त्याने चार हजारावा अंक पाहिला. निघण्याच्या दिवशी स्थानकाजवळच्या दुकानात आम्ही त्या आठवड्याचा अंक घेतला. गाडी सुटल्यावर सौभाग्यवतींनी तो आमच्या हातून काढून घेतला आणि प्रथम काय शोधले, तर चित्रकाराचे नाव. ते पानावर होते.