रात्री, कमी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे दोनच शब्द लिहिले होते: 'रात्री, कमी'. त्यातला 'रात्री' मी इमानेइतबारे पाळला.

औषध म्हणजे ॲडापलीनचं ०.१ टक्क्याचं जेल. नवं काही नाही. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली आणि २०१६ पासून तर तिथे ते चिठ्ठीशिवायही मिळतं. पण मला घाई होती. मी पुण्यात नोकरीला, मे महिन्यात लातूरला मामेबहिणीचं लग्न, आणि हनुवटीपासून जबड्याच्या कडेनं कानापर्यंत मुरुम. तेही सत्ताविसाव्या वर्षी. कॉलेजात असताना पुटकुळ्या आल्या तर कुणी काही म्हणत नाही; या वयात आल्या की भेटेल त्याच्याकडे एक उपाय असतो आणि एक शंका. "पोट साफ होतं ना?" हे मला ऑफिसच्या लिफ्टमध्येही विचारून झालंय.

तर मी ते जेल फक्त मुरुमावर लावायची. दिसला मुरुम की ठेव ठिपका. बाकीचा चेहरा कोरडाच. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही, कारण दुखतं तिथेच औषध लावायचं हे लहानपणापासून शिकलेलं. मुरुमाचं गणित मात्र वेगळं आहे. तो वर दिसायच्या कित्येक आठवडे आधी त्वचेच्या छिद्रात तयार व्हायला लागतो. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात, मागे तेल तुंबतं, डोळ्यांना न दिसणारी बारीक गाठ होते. मग तिथे जंतू वाढतात आणि लाली, सूज, पू हे सगळं येतं. ॲडापलीनचं मुख्य काम चालतं ते अगदी पहिल्या पायरीवर, त्या पेशी चिकटू न देण्याचं. म्हणजे आज आरशात दिसणाऱ्या मुरुमाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, ते पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्यांसाठी असतं. म्हणून मुरुम उठतात त्या सगळ्या भागावर ते पातळ लावायचं आणि आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. शिवाय सुरुवातीला आतले दबलेले मुरुम भराभर वर येऊन चेहरा आधीपेक्षा वाईटही दिसू शकतो. डॉक्टरांनी हे सांगितलं असणारच. मी तेव्हा लग्नाला किती दिवस उरले ते मोजत होते.

फरक दिसेना, तेव्हा मी मात्रा वाढवली. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं जेल पुरतं. मी हळदीला नवरीला फासावं तसं फासायला लागले. तेही तोंड धुतल्या धुतल्या, ओल्या चेहऱ्यावर, जेव्हा औषध जास्त आत शिरतं आणि जास्त चुरचुरतं. नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे वगळायचे असतात हेही माहीत नव्हतं. दोन्हीकडे साल सुटायला लागली. ती साल काढायला मी सकाळी अक्रोडाचा स्क्रब घासायची आणि रविवारी आईच्या सल्ल्यानं बेसनात लिंबू पिळून लावायची. जांभई दिली तरी ओठांच्या कोपऱ्यात आग व्हायची. मला वाटलं, औषध कामाला लागलं.

सकाळसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड होतं, २.५ टक्के. मेडिकलमध्ये ते संपलेलं. "ताई, पाच टक्के देऊ का? जास्त पॉवरचं आहे." मी खुशीनं घेतलं. खरं तर २.५ टक्क्यांचा गुण १० टक्क्यांच्या जवळपासच असतो. टक्के वाढवले की वाढतो तो मुख्यतः कोरडेपणा आणि जळजळ. आणि हे औषध कापडाचा रंग खातं, हे ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या गडद निळ्या टॉवेलवर एकाएकी नारिंगी डाग उमटले, उशीचा अभ्रा मधोमध फिका पडला. धुणं करणाऱ्या मावशींना मी बोलले. "मी कशाला ब्लीच टाकू बाई?" म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कारण कळल्यावर मी त्यांची माफी मागितली, पण टॉवेलची हकिगत त्यांना पटली असं मला अजून वाटत नाही.

मग पार्लर. लग्नाची तयारी म्हणून अप्पर लिपला वॅक्स करायला बसले. पार्लरवालीनं रीतसर विचारलं, "चेहऱ्याला काही क्रीम लावता का?" मी म्हटलं, नाही. औषध म्हणजे काही क्रीम नव्हे, असं माझं शास्त्र. तिनं पट्टी ओढली आणि केसांबरोबर वरच्या ओठावरची कातडीही गेली. बोटाच्या पेराएवढा भाग ओला, गुलाबी, सोलवटलेला. तिचाच चेहरा उतरला. रेटिनॉइड गटातलं औषध लावत असताना त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असतो, त्यामुळे त्या काळात चेहऱ्यावर वॅक्स करायचंच नसतं. खपली धरली, पडली, आणि तिथे तपकिरी पट्टा उरला. लांबून मिशीच वाटावी असा.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची हीच तर मेख आहे. मुरुम असो, भाजणं असो की औषधाची आग, त्वचा जिथे चिडते तिथे रंगद्रव्य साठतं आणि काळा डाग पडतो. मुरुम आठवड्याभरात बसतो, डाग महिनोन्महिने राहतो. उन्हात तो आणखी गडद होतो, आणि मी मार्च-एप्रिलमध्ये सनस्क्रीनशिवाय दुचाकीवरून ऑफिसला जात होते. स्कार्फ बांधलेला असायचा, तेवढ्यावर माझं समाधान.

इथवरच्या चुका अडाणीपणात मोडतात. पुढची मात्र मी डोळे उघडे ठेवून केली. डागांनी मी रडकुंडीला आलेली पाहून मामीनं एक ट्यूब हातात ठेवली. "अगं, आमच्या शेजारची लावते. बघ कसा चेहरा उजळलाय तिचा." ट्यूबवर तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं नाव स्टिरॉइडचं. मला ते तेव्हाही माहीत होतं, फोनवर शोधलं होतं. तरी लावलं.

या मिश्रणाचं मूळ बदनाम नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आल्बर्ट क्लिगमन यांनी अशाच तीन औषधांचं सूत्र मांडलं होतं. आजही वांगावर डॉक्टर असं मलम ठरावीक काळापुरतं, लक्ष ठेवून देतात. आपल्याकडे मात्र ते गोरं होण्याचं क्रीम म्हणून हातोहात फिरतं. ते सुरुवातीला फसवतंही छान. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं, हायड्रोक्विनोन रंग उतरवतं. चार दिवसांत माझा चेहरा असा नितळ झाला की ॲडापलीन मी कपाटात टाकून दिलं. लग्नाचे फोटो अप्रतिम आले आहेत. अल्बम उघडला की मामी अजून म्हणते, "तेव्हा किती छान दिसत होतीस!"

लग्नानंतर मी ट्यूब थांबवली आणि चेहरा पेटला. गाल लाल, गरम. गॅससमोर उभं राहवेना. मग एकसारख्या आकाराच्या बारीक लालसर पुटकुळ्या कपाळापासून मानेपर्यंत उठल्या. ट्यूब लावली की शांत, सोडली की दुप्पट. ही चक्री आपल्या देशात इतकी पसरली की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्यावर मोहीम काढावी लागली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा बऱ्याच स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री नियमानं बंद केली. तशी मामीलाही ट्यूब कुणी चिठ्ठी बघून दिली नव्हती.

डॉक्टरांच्या टेबलावर मी सगळ्या ट्यूबा मांडल्या. स्क्रबसुद्धा. त्यांनी एकेक उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "चेहरा एक, आणि दुकानं किती उघडलीस गं!" स्टिरॉइड त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली सोडवलं. मधला काळ वाईट गेला. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, याखेरीज चेहऱ्याला काही लावायची परवानगी नव्हती. मला ते औषध न घेतल्यासारखंच वाटायचं.

ॲडापलीन पुन्हा सुरू झालं ते एक दिवसाआड. तोंड धुऊन, कोरडं करून, वीसेक मिनिटं थांबायचं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, मग मटाराएवढं जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी अशा ठिपक्यांत वाटून पसरायचं, वरून हवं तर पुन्हा मॉइश्चरायझर. त्यानं औषधाचा जोर थोडा कमी होतो, पण रोज लावणं जमतं, आणि रोज जमणं महत्त्वाचं. चुरचुरलं तर एक रात्र सुट्टी. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं, आणि त्यात मात्र कंजुषी करायची नाही. जेल जितकं कमी तितकं हे भरपूर. दिवाळीच्या आसपास हनुवटीवर हात फिरवला तर खडबड लागली नाही. ओठावरचा पट्टा त्यानंतरही बरेच दिवस होता.

गेल्या वर्षी माझं लग्न झालं. आता मूल हवं आहे, म्हणून डॉक्टरांनी ॲडापलीन आधीच बंद करायला लावलं. गरोदरपणात रेटिनॉइड टाळतात. त्याऐवजी ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम दिलं आहे. ते त्या काळातही चालतं आणि डागांवरही थोडं काम करतं. पहिल्याच रात्री गालाला अशी खाज सुटली की मी उठून तोंड धुतलं आणि सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, सवय झाली की कमी होईल. तोवर एक रात्र सोडून लाव. तसं चालू आहे. नवरा विचारतो, फरक कधी दिसणार? मी त्याला पावसाळ्यानंतरची तारीख दिली आहे.